घासलेले राणीछाप

पारनेरच्या पेठेत आमचं दोर-दाव्यांचं दुकान होतं, पण आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, जीव जुन्या नाण्यांत. पार अकोल्याकडे कुणाच्या नांगराला नाणं लागलं, तरी ते फिरत फिरत आबांपुढे यायचं. गिऱ्हाईक चऱ्हाटासाठी ताटकळत उभं आणि आबा भिंग लावून राणीछाप रुपया उन्हात फिरवताहेत, हे बघून माझं डोकं फिरायचं.

तरी ऐकून ऐकून मलाही ते कळायला लागलं होतं. चांदी नुसती ठेवली तरी वर्षानुवर्षांत रंग धरते. रंग कडेपासून चढतो आणि मधे येईस्तोवर फिका होतो. कागदात गुंडाळलेल्या नाण्याचा वेगळा, गाडग्यात पुरलेल्याचा वेगळा. तो रंग शाबूत असेल तरच आबा किंमत सांगायचे. चिंचेनं घासून लखलखीत केलेलं नाणं आलं की त्याला हातसुद्धा लावायचे नाहीत. "सोनाराकडं न्या, चांदीच्या भावानं घेईल," म्हणायचे. लक्ष्मीपूजनाला घरोघरी बायका नाणी घासतात, त्यामुळे दिवाळीनंतर काही दिवस आबांच्या वाऱ्याला उभं राहण्यात अर्थ नसायचा.

माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, पाथर्डीपलीकडचं कोरडवाहू घर स्वतः पसंत केलं.

"तिकडं पानी न्हाई, पोरी," आबा म्हणाले.

"पान्यासाठी तुमच्या दारात यायची न्हाई मी," ही म्हणाली. हट्टी होती. आमच्या घरात गरीब स्वभावाचं कुणी नव्हतंच.

लग्नात आबांनी तिला आपल्याजवळचे सगळ्यांत देखणे पाच राणीछाप दिले. कडेला गर्द निळे, मग जांभळट, मधे मधासारखे पिवळे. त्यातल्या एकाच्या कडेला कुणा सराफानं पारखताना पाडलेली बारीक चीर होती. "लई नड आली तर मोड," आबा म्हणाले, "पन घासू नको."

"जिती हाय तंवर न्हाई घासायची," अक्का हसत म्हणाली.

बहात्तरचा पाऊस आलाच नाही. जनावरं छावणीत गेली, नाहीतर कवडीमोलानं विकली गेली. दुकानात दावी नुसती लोंबत राहिली, बांधायला काही उरलं नव्हतं. अक्काचं बाळंतपण आमच्याकडेच झालं होतं. आई नव्हती, त्यामुळे सव्वा महिना सगळं मीच केलं. पौषात ती लेकाला घेऊन सासरी गेली. आबांनी तिला बाळाच्या झोळीसाठी दुकानातला नवा दोर दिला, पिवळाधमक. त्यानंतर तिचा निरोप नव्हता. आबा तिचं नाव काढत नव्हते आणि पाथर्डीकडची एसटी गेली की मान वर करून बघत होते.

वैशाखात, भर दुपारी, गावोगाव फिरून चांदीची मोड घेणारा एक माणूस दुकानात आला. त्यानं पाच काळेकुट्ट रुपये चटईवर ठेवले.

"पिढीजात डबोलं हाय, आबा. रंग बगा कसा धरलाय."

आबांनी एक उचलला. कडेपासून मधोमध सारखाच काळा. राणीच्या नाकाच्या शेंड्यावरही तेवढाच.

"गंधकाची धुरी दिलीस व्हय रं?" आबा हसले.

माणूस ओशाळला. "गिऱ्हाईक काळ्यालाच भुलतंय, आबा. मी घेतली तवा घासून चकाचक हुती. तवापासनं काळी करतोय."

लबाडी कशी केली ते बघायला आबांनी भिंग लावलं. राणीच्या केसांच्या पेडांत, जिथे चिंच पोचली नव्हती, तिथे निळा रंग जरासा उरला होता. आबांनी घाईघाईनं बाकीचे उलटेपालटे केले. एकाच्या कडेवर त्यांचा अंगठा थांबला. तिथे चीर होती.

"कुटं घेतली ही?"

"पाथर्डीच्या बाजारात. माघात. एका बाप्यानं इकली."

माणूस गेल्यावर आबांनी दुकान बंद केलं. भर दिवसा फळ्या लागलेल्या मी पहिल्यांदाच बघितल्या. घरी येऊन ते ओट्यावर बसले आणि म्हणाले, "ती म्हनली हुती, जिती हाय तंवर."

"अभद्र बोलू नका," मी खेकसले. माझ्याही मनात तेच आलं होतं, म्हणून जास्तच खेकसले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं नगर, तिथून पाथर्डी आणि पुढे चालत. वाटेत दुष्काळी कामावर रांगेनं बायका खडी फोडत होत्या. पदर पुढे ओढलेल्या प्रत्येक बाईत मी अक्का शोधत होते. गावात शिरल्यावर आबांनी कुणालाही काही विचारलं नाही. मलाही विचारू दिलं नाही.

अक्का दारातच बसली होती. वाळून काटकी झालेली, पण जिवंत. मला इतका आनंद झाला की मी तिला शिवीच दिली. आबा तिला ओलांडून थेट आत गेले. त्यांच्या मागून मी गेले.

आढ्याला पिवळा दोर लोंबत होता. त्याला झोळी नव्हती.

"फाल्गुनात गेलं," अक्का मागून म्हणाली. "जुलाब लागलं. माघात ह्यांनी रुपये इकून अवशीद आनलं. तेवढ्यापुरता उतार पडला." दुसरं औषध आणायला घरात काही नव्हतं.

"घासली कुनी?" आबांनी दोराकडे बघतच विचारलं.

"मीच. वळखली असती तुमी. तसंच धावत आला असता."

"आलो असतो," आबा म्हणाले.

रंगासकट विकले असते, तर त्या माणसानं ते माघातच आमच्या दुकानात आणले असते. हे माझ्या तिथेच लक्षात आलं. आबांच्या आलं नसेल असं मी म्हणणार नाही.

अक्काला आम्ही घेऊन आलो. पुढे आबांनी नाणी बघणं सोडलं नाही. फक्त घासलेलं नाणं आलं, की ते आधी उचलायचे, आणि किंमत सांगायच्या आधी विचारायचे, "हे कुनाच्या घरचं?"