माठाच्या पाण्यात धुतलेला रोल

होळीच्या तोंडावर जळगावला कोण जातं? हा प्रश्न मला नाशिकमध्ये तिघांनी विचारला आणि तिघांनाही मी एकच उत्तर दिलं: फोटो काढायला. मी अजून रोलचा कॅमेरा वापरते. छत्तीस फोटो, संपले की संपले. रोल हल्ली आठ-नऊशेला पडतो, त्यामुळे बटण दाबायच्या आधी दहादा विचार करावा लागतो, आणि खरं सांगते, मला त्या विचार करण्यातच मजा येते. चार दिवस, कृष्णधवल फिल्मचे दोन रोल, आणि रोल धुवायची टाकी व रसायनं असं सामान घेऊन सकाळच्या गाडीत बसले.

मुक्काम जळगावातच, मेहरूणला, आत्याकडे. तिला सगळे अक्काच म्हणतात. तिचे यजमान नाना यांचा तीस वर्षं फोटो स्टुडिओ होता. आधी मोबाइलनं गिऱ्हाईक नेलं, मग डोळ्यांनी दगा दिला. आता नानांना माणसाच्या कडा दिसतात, मधला चेहरा दिसत नाही. तेव्हापासून कॅमेऱ्याचं नाव काढलं की ते रेडिओ मोठा करतात. माझा कॅमेरा मी मुद्दाम त्यांच्या हातात दिला. त्यांनी एकदा बोटं फिरवली आणि परत केला.

"ठेव जपून," म्हणाले. बस, एवढंच.

रात्री जेवताना मात्र (भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मी तीन खाल्ल्या, लाज वाटली नाही) ते आपणहून बोलले. "शिंदखेड्याकडे जाणार आहेस ना? मग आबांचा फोटो काढ. अख्ख्या खान्देशाचे फोटो काढले मी, सख्ख्या भावाचा राहून गेला. बोलावलं की म्हणायचा, घरचा फोटोग्राफर आहे, कधीही काढशील. आता मी कसला काढतो?"

अक्कानं त्यांच्या ताटात आणखी भरीत वाढलं.

दुसऱ्या दिवशी पद्मालय. जळगावहून एरंडोलला एसटी मिळते, पुढे रिक्षा. जायचे-यायचे आणि थांबायचे मिळून पैसे आधीच ठरवा, कारण परतीला तिथे वाहन मिळेलच असं नाही. देवळापाशी कमळांचं तळं आहे. मी तळ्याकाठी दोन तास बसले आणि फक्त अकरा फोटो काढले. शेजारी डिजिटल कॅमेरावाला एक तरुण आपल्या जोडीदारणीचे तेवढ्यात चारशे काढून गेला असेल. माझा रोल एरंडोलच्या बाजारात मिरच्यांच्या ढिगासमोर संपला.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुरतेकडे जाणारी पॅसेंजर धरली. अमळनेर, नरडाणा करत गाडी शिंदखेड्याला पोचते; खिडकीशी जागा मिळाली तर हा प्रवास अजिबात सोडू नका. आबांचं गाव तिथून थोडं आत आहे. आबा ऐंशीच्या पुढचे, ओट्यावर हरभरे सोलत बसले होते. नानांनी पाठवलंय म्हटल्यावर त्यांनी टोपी बदलली, मग कॅमेरा हातात घेऊन मागून-पुढून पाहिला.

"फोटू कथा शे?"

"आत आहे आबा. धुतल्यावर दिसेल."

"मोबाइलमा त लगेच दिसस." कॅमेरा परत देत ते म्हणाले, "तुन्हा नाना असाच. बठ्ठं काम अंधारमा." अहिराणीत बठ्ठं म्हणजे सगळं.

मी म्हटलं, थोडं हसा. त्यांनी हसायच्या आधी खुलासा केला, "बठ्ठा दात मन्हाच शेतस, बरं का." आणि मग ते असे हसले की मी पाच फोटो घेतले. माझ्यासाठी पाच म्हणजे उधळपट्टी.

परतताना धुळ्याला बस बदलली. स्टँडजवळ शेवभाजी खाल्ली. तर्री बघून घाबरू नका, भाकरी चुरून खा. उरलेले फोटो तिथेच संपवले: हमाल, उसाचा रस, खिडकीतून हात घालून रुमालानं जागा धरणारी एक बाई. दुसरा रोल भरला.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट. चौथ्या दिवशी दुपारी मी अक्काच्या न्हाणीघरात पद्मालयचा रोल धुवायला घेतला. पुस्तकात लिहिलंय, पाणी वीस अंश हवं. मी बर्फ घालून रसायन बरोबर वीसवर आणलं, थर्मामीटर बघून स्वतःवर खूश झाले, आणि शेवटी रोल खळखळून धुतला तो नळाखाली. नळाला पाणी गच्चीवरच्या टाकीतलं, जे दुपारी चहाला चालेल. फिल्म बाहेर काढली तर तिच्यावर काळ्या मातीला उन्हाळ्यात पडतात तशा भेगा. कमळं, देऊळ, मिरच्या, सगळं तडकलेलं. मला रडूच आलं. हातात आता एकच रोल होता आणि त्यात आबा होते.

नाना दारात येऊन उभे राहिले. "आण इकडे." ओल्या फिल्मवरून त्यांनी अंगठ्याचं टोक फिरवलं. "बर्फातून काढून तापल्या पाण्यात टाकलंस. अगं, खान्देशात वीस अंश फक्त पुस्तकात असतात. उन्हाशी भांडायचं नाही. एकाच पाण्यात सुरू करायचं, त्याच पाण्यात संपवायचं."

"मग किती मिनिटं?"

"संक्रांतीला नऊ. होळीला साडेसहा. आखाजीला पाच, तेही पहाटे." आखाजी म्हणजे इकडची अक्षय्य तृतीया. तीस वर्षं हा माणूस सणांवर घड्याळ लावून रोल धूत होता.

"नाना, आबांचा रोल तुम्ही धुवा."

"मला दिसतं का काही?"

अक्का गच्चीवर वाळवलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, डब्यात भरत होती. ती मान वर न करता म्हणाली, "फिल्म चढवताना तुम्ही कधी दिवा लावायचे?"

संध्याकाळी नानांनी स्वतः माठातलं पाणी चार भांड्यांत काढून कोठीच्या खोलीत एका ओळीत ठेवलं, म्हणजे सकाळपर्यंत सगळ्यांचा थंडावा सारखा होईल. माझं परतीचं तिकीट मी एक दिवस पुढे ढकललं.

सकाळी त्याच खोलीत आम्ही दोघं शिरलो. दाराच्या फटीला अक्कानं बाहेरून गोधडी लावली. मिट्ट काळोख. मला स्वतःचा हात दिसेना, नानांचा आवाज मात्र एकदम मोकळा झाला. "रीळ दे. कात्री. आता बोलू नको." फिल्म चक्रीवर चढल्याचा बारीक खर्रखर्र आवाज येत राहिला, एकदाही न अडखळता. मला घरी याला दहा मिनिटं आणि चार शिव्या लागतात. नानांनी पाण्याला मनगट लावलं, म्हणाले, "साडेसहा," आणि टाकी हलवत ते चक्क गुणगुणत होते.

फिल्म चिमट्याला लटकली. नानांनी ती खिडकीकडे धरली. त्यांना ती करडी पट्टीच दिसत असणार. अक्का पदराला हात पुसत आली. स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिलीनं डाग भरायचं काम तीस वर्षं तिचंच होतं. तिनं एक-एक चौकट पाहिली आणि सतराव्या चौकटीला थांबली.

"दात काळे आलेत," ती म्हणाली. निगेटिव्हवर पांढरं ते काळं दिसतं. "हसतोय तुमचा भाऊ. तोंडभर."

"धार आहे?"

"मिशीचा केस न् केस मोजून घ्या."

नाना खाली बसले. मग त्यांनी अक्काकडून बाकीच्या चौकटीही वाचून घेतल्या, रुमालवाली बाई दोनदा. मला इतका आनंद झाला की तडकलेल्या रोलचं दुःख मी तिथेच सोडून दिलं.

घरी येऊन आबांचा फोटो मोठा छापला, शिंदखेड्याला आणि मेहरूणला पाठवला. आबांचा फोन आला, "बठ्ठा दात उनात." सगळे दात आले म्हणे. हिशेब करायचा तर पाच दिवसांत बहात्तर फोटो काढले, छत्तीस वाया गेले, आणि मी नव्या जोमानं रोल विकत घेतले. त्यांतला पहिला संपल्यावर टाकी काढली, पाण्यानं भरली, आणि रिकामी करून परत ठेवून दिली. रोल पार्सलनं जळगावला पाठवला.

परवा धुतलेली फिल्म आली. सोबत अक्काच्या अक्षरात चिठ्ठी: "अकरावा फोटो हललाय, असं मी यांना सांगितलं. हे म्हणतात, ते तिचं ती बघेल, धुलाई कशी झालीय ते विचार."

मी फोन लावला. "नाना, एक डाग नाही."

ते म्हणाले, "स्टुडिओची पाटी माळ्यावरून काढायला सांगितलीय अक्काला. लावायची नाही. नुसती पुसून ठेवतो."