पांढरं झालं म्हणजे झालं नाही

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी देवासच्या आमच्या स्वयंपाकघरात वसुधासाठी मुगाची खिचडी डब्यात भरत होतो. झाकण लावलं, मग फोन घेतला. बायको गेल्याचं कळल्यावर तो डबा किती वेळ हातात होता, आठवत नाही…

वसुधा इथल्या क्रीम-शांपूच्या कारखान्यात केमिस्ट होती. मी इतिहासाचा मास्तर. मला समजावण्याची हौस तिला जन्मभर पुरली. तेल आणि पाणी आपणहून एकत्र नांदत नाहीत, म्हणे. मध्ये इमल्सिफायर लागतो. त्याच्या कणाचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं तेलाकडे. तेलाच्या थेंबांना वेढून तो त्यांना पाण्यात धरून ठेवतो. शांपूचंही तेच, फक्त तिथे केसांतलं तेल धरून पाण्याबरोबर वाहून न्यायचं. "म्हणजे तुझ्या नि आईच्या मधला मी," मी म्हणालो. "तुम्ही कुठले. तुम्ही तर दरवेळी आईंकडेच तरंगत गेलात." खोटं नव्हतं.

दिवाळी सरली की ती घरी क्रीम करायची, धारला दिलेल्या धाकट्या बहिणीसाठी. थंडीत सुमनच्या हातांना भेगा पडत. तेल आणि इमल्सिफायरचं मेण एका भांड्यात, पाणी दुसऱ्यात, दोन्ही सारखी गरम. ती ओतायची, मी फिरवायचो. मिश्रण पांढरंशुभ्र झालं की मी हात आवरता घ्यायला बघे. "पांढरं झालं म्हणजे झालं नाही. निवेपर्यंत हात थांबवू नका." मग कधीतरी बोटांनी भांडं चाचपून म्हणे, "आता पुरे."

आता दिवसभर घरात माझ्याशी बोलायला कुणी नाही. तरी वाटलं, सुमनची बरणी चुकू नये. एकट्यानेच घाट घातला. एका हाताने ओतलं, दुसऱ्याने फिरवलं. पांढरं झालं, केवढा आनंद झाला… तेवढ्यात सुमनचाच फोन. "भाऊजी, यंदा क्रीमची मेहनत नका करू. मी बाजारातनं मंगवून घेतलंय."

"अगं, झालंच आहे," मी म्हणालो. मग ताईची आठवण काढून ती रडली, मीही रडलो. परत ओट्याशी आलो तर भांड्यात तेल वर, पाणी खाली.

फुटलेलं क्रीम पुन्हा गरम करून फिरवलं की जुळतं, हेही तिनेच सांगितलेलं. भांडं अजून ओट्यावर आहे, त्यात तिचा लाकडी चमचा. हात दुखेपर्यंत फिरवीन मी. पण 'आता पुरे' कोण म्हणणार?