पहिलं ताट सेक्रेटरींकडे

शत्रूवर प्रीती करा असं येशूने सांगितलं, तेव्हा त्याच्यासमोर निदान रोमन शिपाई होते. माझ्या वाट्याला कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आला. बनियनवर जिन्यात उभं राहून कोणी चपला कुठे काढल्या ते बघायचं, हे त्याचं निवृत्तीनंतरचं जीवितकार्य. इतक्या क्षुद्र माणसाचा द्वेष करायचीही लाज वाटावी, पण मी तो मनापासून करत होते.

कारणही तसंच होतं. आई अंथरुणाला खिळलेली. तिचं चर्चला जाणं सुटलं, तसं दर शुक्रवारी मंडळीतल्या सात-आठ बायका आमच्याकडे येऊ लागल्या. पेटीवर दोन गीतं, प्रार्थना, चहा. तेवढ्यावर आई आठवडा काढायची. या गृहस्थाने नोटीस लावली: फ्लॅटमध्ये धार्मिक कार्यक्रम करू नयेत. गणपतीत मांडवातला माईक न सोडणारा हाच! बायका बिचकल्या, यायच्या थांबल्या. शुक्रवारी संध्याकाळी आई दाराकडे बघत पडून राहायची आणि मी स्वयंपाकघरात भांडी आपटायचे.

नाताळ आला. आमच्याकडे फराळ आधी शेजारी जातो, मग घरच्यांच्या तोंडात. आई म्हणाली, "पहिलं ताट सेक्रेटरींकडे."

"अगं, त्यांनी तुझा शुक्रवार बंद केला."

"म्हणूनच पहिलं."

भरलं ताट. फुटक्या करंज्या, मोडक्या चकल्या, डब्याच्या तळाचा चुरा. वर क्रोशाचा पांढराशुभ्र रुमाल. आज्ञाही पाळली आणि त्याची लायकीही दाखवली. गुणगुणतच जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी स्वारी दारात. चक्क इस्त्रीचा शर्ट. ताटात चार केळी, कारण ताट रिकामं परत करायचं नसतं एवढं त्यालाही ठाऊक होतं. मला ओलांडून तो थेट आईच्या खाटेशी जाऊन बसला.

"मावशी, तुमच्या लेकीचं बारीक लक्ष आहे हो. माझी कवळी बसत नाही. महिनाभर नुसता वरणभात गिळतोय, आणि घरात विचारणारं कोणी नाही. यांनी मात्र सगळं मुद्दाम मोडून पाठवलं. चहात भिजवून पोटभर खाल्लं." उठताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "शुक्रवारचं चालू करा तुमचं. पेटी तेवढी हळू वाजवा."

तो गेल्यावर आईने माझा हात धरला. डोळे भरलेले. "मला वाटायचं, तुझ्या मनात त्यांच्याविषयी नुसतं विष आहे. चुकले गं मी."

मी केळी उचलून आत ठेवली. त्याचा राग आता येत नव्हता. महिनाभर वरणभात गिळणाऱ्या म्हाताऱ्यावर किती रागावणार? पण त्याने मला चांगलं समजावं, हे मात्र सोसवेना. माझीच मला किळस आली.

शुक्रवारी बायका आल्या. प्रभुभोजन द्यायला चर्चचे पाळकसाहेबही आले. ख्रिस्ताचं शरीर म्हणून मिळणारी ती भाकर मनात खोट ठेवून घ्यायची नसते. आईने सगळ्यांना सांगितलं, माझ्या लेकीने शत्रूवर प्रीती कशी केली ते. बायकांनी माझ्या पाठीवरून हात फिरवले. मग पाळकसाहेबांनी आईला भाकर दिली आणि माझ्यापुढे धरली. मी हात पुढे केला नाही.