कासवमामांनी रॅम्प निवडला

गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या माणसाला सगळे कासवमामा म्हणत. नाव कोणी ठेवलं ते विचारू नका, पण ठेवणाऱ्याला पोटभर जेवू घालावं, इतकं ते चपखल होतं. मामा फाटकातून वळून दारापर्यंत येईतो हमालांच्या गप्पा रंगून, भांडण होऊन, मिटूनही जायचं. पण काचेच्या बरण्यांचा माल असून मामांच्या हातून आजवर एक बरणी फुटली नव्हती. बायको गेल्यापासून तर ते आणखीच सावकाश झाले. घरी लवकर पोचून भिंतींशी काय बोलणार?

अडचण एकच. कंटेनरचं तोंड छातीएवढ्या उंचीवर, आणि फोर्कलिफ्टला काही उडी मारता येत नाही. म्हणून खोकी हातोहात उतरवायची आणि संध्याकाळी सगळ्यांनी कंबर धरून बसायचं. शेवटी मॅनेजरला पाझर फुटला. लोखंडी रॅम्प घ्यायचा ठरलं. एक आखूड होता, एक लांब.

"चालवायचं तुम्हाला, तर निवडाही तुम्हीच," तो मामांना म्हणाला. "उद्या सांगा."

खरं तर यात निवडायचं काय होतं? आखूड रॅम्प म्हणजे भिंतीला टेकवलेली शिडीच. चढताना फोर्कलिफ्टचं पोट घासणार, उतरताना चाक सरकलं की मामा खाली आणि फोर्कलिफ्ट वर. लांब रॅम्पचा उतार कसा, रांगतं मूल सोडलं तरी चालेल असा.

मामांनी दुपारी खडूने आवारात लांब रॅम्पची जागा आखली आणि त्यांचा चेहराच उतरला. रेघ थेट चहावालीच्या टपरीखाली गेली होती.

आता ही चहावाली. जीभ अशी की हमाल उधारी मागायच्या आधी दोनदा आवंढा गिळत. मामांसाठी मात्र तिने तुटक्या कानाचा एक कप वेगळा ठेवलेला. का, तर म्हणे दुसरं कोणी उचलत नाही. असेल बाई, आपल्याला काय करायचंय.

मामांनी पायाने रेघ पुसली आणि सकाळी मॅनेजरला सांगून टाकलं, "आखूडच बरा. सुटसुटीत आहे."

"मामा, तुम्ही डबकं दिसलं तरी हॉर्न वाजवता."

"माणसाने कधीतरी धाडस करावं."

हमालांनी ही बातमी हसत हसत टपरीवर नेली. चहावाली हसली नाही. काल मामा टपरीच्या बाकापाशी ओणवे झालेले तिला दिसले होते. तिने वाकून बाकाखाली पाहिलं. तिथली रेघ पुसायची राहिली होती. हातात सांडशी तशीच घेऊन ती ऑफिसात मामांसमोर येऊन उभी राहिली.

"कासवराव, खडू कोणाचा?"

"कोण जाणे."

"खिसा पांढरा झालाय तुमचा."

मामा खिसा झटकू लागले.

"माझी टपरी राहावी म्हणून हाडं मोडून घेणार? मग चहा कोणाला पाजू, तुमच्या प्लास्टरला?"

"सावलीची जागा आहे तुमची," मामा पुटपुटले. "ती कशी घालवायची?"

"टपरीला चाकं आहेत, मातीत रुतलीत एवढंच. उचलायचं यंत्र तुमच्यापाशी, आणि मला एका शब्दाने विचारलं नाहीत. तोंड काय नुसतं चहा प्यायला दिलंय?"

मॅनेजर उगाच मोबाइलमध्ये बघत बसला.

दुपारी मामांनी फोर्कलिफ्टचे दोन्ही दांडे टपरीखाली घातले. चहावालीने शेगडी तेवढी विझवली. हुकांवरचे कप काढायला ती तयार होईना.

"तुमच्या बरण्या फुटत नाहीत, मग माझे कप कसे फुटतील?"

टपरी अलगद उचलली गेली. कप किणकिणले आणि गप्प झाले. ती टपरीला हात लावून बाजूने चालू लागली.

"सावकाश घ्या," ती म्हणाली.

मामांना हे आयुष्यात पहिल्यांदाच कोणी सांगत होतं. ते इतके सावकाश गेले की मागून येणारे हमाल मध्येच बसून घेत होते.

"इथे ठेवू? इथेही सावली आहे."

"अजून थोडं पुढे. रॅम्पवरून उतरणारा माणूस समोर दिसला पाहिजे."

"तो कशाला?"

"चहा कधी टाकायचा ते कळायला नको?"

लांब रॅम्प आला, बसला. आता खोकी कोणाच्या कंबरेवर येत नाहीत. आणि माल घेऊन उतरायचं तर फोर्कलिफ्ट उलटी घ्यावी लागते, मान वळवून सगळा वेळ मागे बघत. मागे टपरी आहे, त्याला कोण काय करणार? नियम तो नियम, आणि मामांनी आजवर एकही मोडलेला नाही.