फेलिसाबाईंचा नंबर

माझ्या सासूबाई, फेलिसा, आयुष्यात कधी रांगेत उभ्या राहिल्या नाहीत. रांग मोडणाऱ्यांतल्या मात्र त्या नव्हेत. तसं कुणी केलं तर भर बाजारात त्याचा उद्धार करतील. फक्त उभं राहणं त्यांना मान्य नाही. दुकानात शिरायचं, "शेवटचं कोण?" म्हणून विचारायचं, कुणीतरी "मी" म्हणतं, "मग तुमच्या मागे मी," असं बजावायचं, की नंबर लागला. पुढे बाहेर बाकावर बसा, नाहीतर हातपंख्याने वारा घेत शेजारणीशी गप्पा मारा. मागून येणाऱ्याने विचारलं की कुणीतरी सांगतंच, "त्या पंख्यावाल्या बाईंच्या मागे तुम्ही." आमच्याकडची सगळीच जुनी माणसं असं करतात. सासूबाई एकाच वेळी चार ठिकाणी करतात, एवढाच फरक. खाटकाकडे, मासळीवाल्याकडे, पावाच्या दुकानात आणि भाजीवालीकडे नंबर लावून त्या बाजारभर हिंडतात आणि जिथे ज्या क्षणी नंबर येतो तिथे हजर असतात. हे त्यांना कसं जमतं ते मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही कळलेलं नाही.

मी झारागोझा शहरातल्या एका दवाखान्यात खिडकीवर बसतो. तिथे टोकनचं यंत्र बसवलं तेव्हा मला झालेला आनंद लग्नातल्या आनंदाहून फार कमी नव्हता. बटण दाबा, कागद घ्या, गप्प बसा. पहिल्याच आठवड्यात सासूबाई आल्या आणि यंत्रासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"हे काय?"

"नंबर देतं, सासूबाई."

"याला काय माहीत कोण कुणाच्या मागे आहे ते?" आणि बाकांवरच्या लोकांकडे वळून मोठ्याने, "शेवटचं कोण?"

सहा हात वर झाले. त्या दिवशी दुपारपर्यंत निम्मे लोक टोकनवर आत जात होते आणि निम्मे सासूबाईंच्या शब्दावर, आणि दोन्हीकडचे मला शिव्या घालत होते.

त्यांचं लग्नसुद्धा असंच जमलेलं. दारोकाजवळच्या खेड्यातून पोरवयात त्या शहरात घरकामाला आल्या, मग बाजारात कोंबडीच्या गाळ्यावर लागल्या आणि म्हातारपणापर्यंत तिथेच पिसं उपटत राहिल्या. एका सकाळी दुधाच्या दुकानात त्यांनी विचारलं, "शेवटचं कोण?" चुन्याने माखलेला एक गवंडी म्हणाला, "मी." तो खोटं बोलत होता. तो कधीचा पुढे होता. ही मुलगी रस्ता ओलांडून येताना दिसली म्हणून त्याने मागच्या चार बायकांना "तुम्ही व्हा पुढे, मला घाई नाही" म्हणत सोडलं होतं. त्यातल्याच एकीने पुढे हे बिंग फोडलं. तो अमान्सिओ, माझे सासरे. भला माणूस. दर रविवारी माझ्याकडून पत्त्यांत हरायचा आणि मुद्दाम हरतोय हे मला कळू द्यायचा नाही.

गेल्या जानेवारीत ते गेले. आमच्या दफनभूमीत शवपेटी ठेवायला भिंतीत कोनाडे असतात, दोघांनी शेजारशेजारचे दोन घेऊन ठेवले होते. तिथल्या गवंड्याने अमान्सिओचा कोनाडा बंद केला, लोक पांगायला लागले, तेव्हा सासूबाईंनी ओल्या सिमेंटशेजारी हात टेकला आणि म्हणाल्या, "अमान्सिओ, तुझ्या मागे मी." माझी बायको चारो जवळच उभी होती. तिने ते ऐकलं आणि त्या दिवसापासून तिच्या जिवाला घोर लागला.

कारण वसंतात डॉक्टरांनी सांगितलं, सासूबाईंच्या हृदयाची झडप गेली आहे. सप्टेंबरात शस्त्रक्रिया केली तर पुष्कळ वर्षं आहेत, नाही केली तर सांगता येत नाही. सासूबाई म्हणाल्या, "कशाला?" चारोने समजावलं, ती रडली, भांडली. उत्तर तेच. म्हणून ऑगस्टात आम्ही त्यांना समुद्रावर सालोऊला घेऊन आलो. सुट्टी संपायच्या आत त्यांच्या तोंडून "हो" काढायचं, असा चारोचा बेत होता. आणि आमची नऊ वर्षांची नेरेआ हिचा बेत होता थीम पार्क. तिथल्या 'तुफान' नावाच्या उंच राइडवर तिला या वर्षीपासून बसता येणार होतं, पण सोबत मोठं माणूस हवं. चारोची मान धरलेली असते. राहिलो मी, ज्याला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर चढून घेरी येते.

तर पार्क. दारापासूनच रांगा, सगळ्या दोरीच्या, वळणावळणाच्या. मला ते दृश्य फार आवडलं. सासूबाईंना एका पाइनच्या झाडाखाली बाक मिळालं. मांडीवर जेवणाची पिशवी, हातात पंखा.

"जा तुम्ही," म्हणाल्या. "आणि जावईबापू, पोरीला आज तुफानवर नेणार आहात ना? का संध्याकाळपर्यंत असेच पाय ओढत फिरणार?"

"आधी पाण्यात घसरणारी होडी," मी म्हणालो.

होडीने आम्हाला नखशिखांत भिजवलं. टपटप गळत झाडाखाली परत आलो तर बाक रिकामं. पिशवी नाही, सासूबाई नाहीत. चारोने आईला फोन लावला आणि आईचा फोन तिच्याच खांद्यावरच्या झोळीत वाजला.

"बाथरूमला गेल्या असतील," मी म्हणालो.

बाथरूममध्ये नव्हत्या. आइसक्रीमच्या गाडीपाशी नव्हत्या. गोल फिरणाऱ्या कपांच्या रांगेजवळून जाताना दंडभर गोंदवलेल्या एका माणसाने मला हाक मारली. कडेवर पोर होतं.

"अहो, तुम्ही त्या पंख्यावाल्या बाईंची माणसं ना? ओली होऊन येतील म्हणाल्या होत्या."

"हो. कुठे आहेत?"

"ते तुम्ही सांगा. त्या आमच्या मागे आहेत."

मी त्याच्या मागे पाहिलं. मागे एक जर्मन मुलगा च्युइंगम चघळत होता.

"इथे नाहीत त्या," मी म्हणालो.

"नाहीत ना," तो म्हणाला. "पण आमच्या मागे आहेत."

भुताच्या घराबाहेर दोन नन्स मुलींचा एक घोळका घेऊन उभ्या होत्या. आम्हाला बघताच थोरली म्हणाली, "फेलिसाचे का तुम्ही? लवकर बोलवा तिला, आमच्यानंतर तीच आहे. आणि तिच्या मुलीने अंगावर काहीतरी घ्यावं, असं सांगून गेली आहे."

चारोने नकळत माझा ओला टॉवेल खांद्यावर घेतला. "सिस्टर, ती गेली कुठे?"

"गेली कशी असेल? नंबर लावलाय तिने."

तळ्यातल्या वल्ह्याच्या होड्यांपाशी एक फ्रेंच कुटुंब होतं. त्यांना आमची भाषा येत नव्हती, पण आम्हाला बघून बाप जोरजोरात पंखा हलवल्यासारखा हात हलवू लागला, मग स्वतःच्या पाठीमागे बोट दाखवलं. पाठीमागे जमिनीवर त्याची टोपी ठेवलेली होती. तिच्यामागचे लोक इमानदारीने टोपीच्या मागे उभे होते आणि रांग सरकली की टोपी पुढे सरकवत होते. माझं डोकं चक्रावलं. बाई पार्कभर सगळीकडे होत्या आणि कुठेच नव्हत्या.

"बाबा," नेरेआ म्हणाली, "आजीने बाजार केलाय."

मला आधी कळलंच नाही. मग बाजारातले ते चार नंबर आठवले आणि हसू येणार एवढ्यात टोप्या विकणारी मुलगी म्हणाली, "आजी? त्या मगाशीच तुफानकडे गेल्या. सगळ्यात वरून समुद्र दिसतो का, असं विचारत होत्या."

चारोचा चेहरा पांढरा पडला. तुफानच्या दाराशी मोठी पाटी होती, लाल हृदय आणि त्यावर आडवी काट. वरून डबा कोसळत खाली आला आणि माणसांच्या किंकाळ्या आमच्या डोक्यावरून गेल्या.

"फेर्मीन," चारो म्हणाली, "तिने नंबर लावलाय."

"सगळीकडेच लावलाय त्यांनी."

"तू कळून न कळल्यासारखं करू नकोस. बाबांच्या मागे लावलाय."

मी काहीतरी म्हणणार होतो, वेड्यासारखं बोलू नको वगैरे, पण तोवर मी दोरीकडे निघालोही होतो. रांग दोरीच्या वळणांतून वर जिन्यापर्यंत गेली होती. मी दोरी उचलली आणि आत घुसलो, मागोमाग चारो आणि नेरेआ. लोक ओरडले. एकजण म्हणाला, "ओ साहेब, शेवट तिकडे आहे." उभ्या जन्मात मी रांग मोडली नव्हती, आणि त्या दिवशी "माफ करा, सासूबाई वर आहेत, माफ करा, सासूबाई वर आहेत" असं सगळ्या जगाला म्हणत मी कोपरं मारत वर चढलो.

त्या वर होत्या. डब्यात चढायच्या फाटकाला टेकून, पिशवी पायाशी, पंख्याने वारा घेत. फाटकावरची मुलगी रडकुंडीला आली होती.

"बाई, बसायचं तर बसा, नाहीतर खाली जा."

"मी काय तुला आडवी येतेय का? तू तुझं काम कर," सासूबाई म्हणाल्या आणि मागच्या जोडप्याला म्हणाल्या, "व्हा तुम्ही पुढे. मला घाई नाही."

जोडपं पुढे झालं. मागून पोरांचं टोळकं आलं. "तुम्हीही व्हा. चला, चला. घाई नाही मला."

"आई," चारो म्हणाली. धाप लागल्याने तिला पुढे बोलता येईना.

"आलात? किती वेळ तो. आणि अशी ओली काय उभी आहेस? मी निरोप ठेवला होता नन्सपाशी."

"आई, तू इथे काय करतेस?"

"काय करते म्हणजे? एवढ्या उन्हात पोरगी प्रत्येक ठिकाणी तासभर उभी राहील का? सगळीकडे नंबर लावून ठेवले. कप आता जवळ आलेत, मग भुतं. तळ्यातल्या होड्यांना अवकाश आहे, फ्रेंच आहेत पुढे, पण माणसं चांगली."

"तू बसणार नव्हतीस ना?" चारोचा आवाज फुटला. "यात?"

सासूबाईंनी डब्याकडे पाहिलं, मग लेकीकडे, मग माझ्याकडे. चारो कशासाठी धावत आली होती ते त्यांच्या ध्यानात येताना मला स्पष्ट दिसलं. पंखा थांबला.

"मी? कोंबडीला उलटं टांगलेलं आयुष्यभर पाहिलंय मी, मला स्वतःला टांगून घ्यायची हौस नाही," त्या म्हणाल्या, पण हळू. मग माझा दंड धरला. "जावईबापू बसणार आहेत. नंबर आलाय तुमचा."

पुढचं मला नीट सांगता येणार नाही. नेरेआ हसत होती. सगळ्यात वर पोचल्यावर ती म्हणाली, "बाबा, समुद्र," आणि मी डोळे मिटूनच "छान आहे" म्हणालो. मग माझं पोट वर राहिलं आणि बाकीचा मी खाली आलो.

सावरलो तेव्हा आम्ही पुन्हा त्या पाइनखाली होतो. सासूबाईंनी पावात घातलेलं बटाट्याचं आम्लेट वाटलं. मी नको म्हणालो. सासूबाई पीच सोलत होत्या, सालाची एकच लांब पट्टी काढत. एक फोड त्यांनी लेकीपुढे धरली. तिने घेतली नाही.

"तू बाबांना म्हणालीस, तुझ्या मागे मी," चारो म्हणाली. "ऐकलं मी."

"म्हणाले. मग काय तू लावणार होतीस तिथे नंबर?"

"आणि ऑपरेशनला नाही म्हणतेस."

सासूबाईंनी हातातल्या फोडीकडे पाहिलं. पीचचा रस कोपरापर्यंत ओघळला, तो त्यांनी पुसला नाही. एवढा वेळ गप्प बसलेल्या मी त्यांना पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगतो, तुफानवर वाटली नव्हती एवढी भीती मला तेव्हा वाटली.

"मला वाटायचं, तो तिकडे एकटा उभा असेल," त्या शेवटी म्हणाल्या. "उशीर करणं बरं नाही. नंबर लावला की हजर राहायला हवं, मी आयुष्यभर तशीच राहिले." फोड अजून हातातच होती. "आज वर उभी होते, तर एकेकाला पुढे सोडत होते. तू, मग तू, मग तू. माझी जागा कुठे गेली नाही. आणि मला आठवलं, त्यानेही असंच केलं होतं. दुधाच्या दुकानात. चार बायका सोडल्या त्याने माझ्यासाठी. कामावर जायचं होतं त्याला, मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या असतील. पण थांबला."

चारोने ती फोड घेतली.

"त्याला थांबता येतं," सासूबाई म्हणाल्या. "बाकीच्यांना म्हणावं, व्हा पुढे." मग पिशवीची गाठ मारता मारता, माझ्याकडे न बघता, "जावईबापू, त्या सप्टेंबरचा कागद तुमच्याच खिडकीवर मिळतो ना? टोकन तुम्ही काढून ठेवा माझं. मी काही त्या यंत्राला हात लावायची नाही."

मी हो म्हणालो. माझे डोळे भरून आले होते. नेरेआने का म्हणून विचारलं तेव्हा तुफानमुळे म्हणून सांगितलं, आणि मग आम्ही सगळे उठलो, कारण तो गोंदवलेला माणूस दुरून दोन्ही हात हलवत होता. कपांवर आमचा नंबर आला होता.