शेजारचं आसन

"आईला वरच्या खोलीत भास होतात. बिल्डिंग ठीक आहे एवढं लिहून द्या, साहेब. म्हणजे आईला पुण्याला डॉक्टरकडे न्यायला मी मोकळा." मंचरच्या बाजारपेठेतल्या आपल्या कापड दुकानात उभे राहून अशोकशेठ म्हणाले. डोक्याचा डॉक्टर, हे त्यांनी आवाज खाली करून सांगितलं.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. इमारत वजन पेलेल का, हे तपासणं माझं काम. दुकानात मधे खांब नको म्हणून वरच्या खोलीचा स्लॅब या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सलग होता, साडेसहा मीटर. मोजमापं घेतली, हिशेब केला. ताकद पुरेशी. वजनाने मधे येणारा झोलही नियमात बसत होता.

वर गेलो. त्यांच्या आई, चंपाबाई, सामायिकाला बसायच्या बेतात होत्या. पाऊण तास न हलता, न बोलता बसायचा जैन घरांतला हा नेम. आसनं मात्र दोन अंथरलेली.

"हे कोणाचं?"

"ती येते, तिचं. शेजारी बसते. श्वास घेते. सोमवारी तेवढी येत नाय."

"ऐकलंत?" अशोकशेठ म्हणाले.

"तू उभ्या उभ्या येतोस अन् जातोस. तुला कशी कळंल?"

मी खोलीच्या मध्याजवळ, उघड्या फरशीवर मांडी घातली. आधी काहीच नाही. मग मांड्यांखाली काहीतरी फुगलं, ओसरलं. पुन्हा फुगलं. झोपलेल्या माणसाच्या छातीसारखं. मानेवर काटा आला. पेलाभर पाणी मागवून समोर ठेवलं. पाण्यावर बारीक वलयं उठत, विरत, पुन्हा उठत.

सोमवारी शेजारी काय बंद असतं? पिठाची गिरणी. भिंतीला भिंत लागून. अशोकशेठना पेल्यावर लक्ष ठेवायला सांगून मी तिथे गेलो. मालक महाळुंगे पडवळ गावचे दत्तूभाऊ. धान्य दळणारी दोन जाती चालू होती.

"भाऊ, एक जातं थांबवा."

"का वो सायेब, पीठ जाड येतंय?"

जातं थांबलं, तसे अशोकशेठ वरून फोनवर ओरडले, "वलयं आहेत, पण आता सारखीच आहेत! कमीजास्त होत नाहीत!"

प्रत्येक स्लॅबला स्वतःचा एक ताल असतो. जात्यांचा वेग नेमका त्या तालाजवळ होता. दोन जात्यांच्या वेगांत थोडासा फरक. त्यामुळे त्यांचे हादरे कधी एकमेकांत मिळत, कधी एकमेकांना मारत. तो श्वास. चालणाऱ्याला स्वतःच्याच पावलांपुढे तो कळत नाही. न हलता बसणाऱ्याला कळतो.

"म्हणजे आई..." खाली दुकानात येऊन अशोकशेठ म्हणाले.

"त्यांना बरोबर कळलं. डॉक्टर नको. मधे तुळई आणि खांब घाला."

"खांब? गिऱ्हाईक धडकंल ना, राव!"

"धडकू दे," चंपाबाई जिन्यातून म्हणाल्या. "मला येडी ठरवत होतास, तेव्हा काय नाय वाटलं?"

खांब उभा राहिला. अंतर निम्मं झालं, स्लॅबचा ताल जात्यांपासून लांब गेला. सही करण्याआधी फरशीवर बसून पाहायचं, हा नियम मी तेव्हापासून पाळतो. स्लॅब पडणार नाही हे आकडे सांगतात. तिथं माणूस टिकेल का, हे बसल्यावर कळतं.

खांब झाल्यावर पाहायला गेलो, त्या दिवशी दोन्ही जाती चालू असूनही पेल्यातलं पाणी स्थिर होतं. चंपाबाईंनी शेजारच्या आसनावर हात थोपटला.

"बसा. आता कोणी येत नाय."

बसलो. पण तिची जागा ठेवून, एका कडेला सरकून.