शकुबाईच्या कमरेचा जुडगा

लोहगडवाडीत किल्ल्याच्या पायऱ्या सुरू होतात तिथे शकुबाईची टपरी आहे. पिठलं-भाकरी, लिंबू सरबत आणि टोमणे, तिन्ही ताजे मिळतात, टोमणे फुकट. शेजारी माझं चहाचं दुकान. मी सुषमा. लग्न होऊन इथे आले त्याला जमाना झाला, तरी शकुबाई मला अजून ‘तळेगाववाली’च म्हणते.

तिच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो. कोणी शेतावर निघो, कोणी कंपनीत, घराला कुलूप लावायचं आणि जाता जाता किल्ली शकुबाईकडे टाकायची. माझीही तिथेच. “अख्खी वाडी माज्या कमरंला हाय,” हे ती ट्रेकिंगला आलेल्या पोरांनाही ऐकवते.

गेल्या हिवाळ्यात अनघा आली. कॉलेजात समाजशास्त्र शिकणारी, बोलायला गोड. गावागावांत लोकांचा शेजाऱ्यांवर किती विश्वास आहे, ते तिला मोजायचं होतं. आता विश्वास काही डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिने कुलूप धरलं. जरा वेळ बाहेर जाताना कुलूप लावता का? लावत असाल तर विश्वास शून्य. सगळी वाडी म्हणाली, “व्हय, लावतो की.” महिन्याने येऊन तिने तेच विचारलं, उत्तरंही तीच मिळाली. “म्हणजे माझं मोजमाप पक्कं!” पोरगी खूश. उन्हाळ्यात मी करवंदं विकते तो काटाही असाच पक्का आहे. रोज न चुकता तेवढंच जास्त वजन दाखवतो.

मग एके दिवशी देवळासमोर सगळ्यांना बसवून तिने निकाल सांगितला. पाहिलेल्या गावांत लोहगडवाडी तळाला. इथे कोणाचा कोणावर भरवसा नाही. शकुबाई ताडकन उठली.

“पोरी, कुलूप माकडांसाठी असतंय! कडी काढून आत शिरत्यात अन् भाकरीची टोपली घेऊन कौलावर बसत्यात. किल्ली कुटं असती ते इचारलंस का?” आणि तिने जुडगा खणखणून दाखवला.

“मावशी, मी दोनदा आले. तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“तू कुलपाचं इचारलंस, आमी कुलपाचं सांगितलं. आमाला वाटलं, कुलपं इकायला आलीस.”

हशा पिकला. अनघा लाजली, पण पोरगी हुशार. तिथल्या तिथे प्रश्न बदलून तिने एकेकाला विचारलं, तुमची किल्ली कोणाकडे असते? शकुबाईकडे, शकुबाईकडे, शकुबाईकडे. वाडी तळातून वर आली आणि शकुबाईची मान त्याहून वर गेली.

“आणि मावशी, तुमची?”

जुडगा गप्प झाला. शकुबाईचा हात गळ्यातल्या काळ्या दोऱ्याकडे गेला. “माजी... माज्यापाशीच.”

लोक हसले. मला मात्र भयंकर राग आला, आणि वाईटही वाटलं. माझं घर इतकी वर्षं हिच्या कमरेला, आणि भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या माझ्यावर हिचा एवढाही भरवसा नसावा? संध्याकाळी तिला बिनआल्याचा चहा दिला.

दुसऱ्या दिवशी लोणावळ्याला बाजाराला निघताना ती माझ्याकडे आली. गळ्यातली किल्ली काढून माझ्यापुढे ठेवली. “ऱ्हाऊ दे तुज्याकडं. उगा लय अर्थ काढू नगं. माकडांसाठी हाय.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिची रिक्षा वळणाआड जाईपर्यंत मी ते पुसलं, आणि थेट तिच्या दाराशी गेले. किल्ली खरी आहे का, ते बघायला नको? लावून पाहिली. कुलूप उघडलं. कडीला हात लावून दार जरासं ढकललं, लगेच ओढून घेतलं आणि कुलूप घालून परत आले. चिटपाखरूही नव्हतं.

संध्याकाळी शकुबाई आपल्या दाराशी जाऊन आली ती हसतच. “कडीवर पीठ भुरभुरलं हुतं म्या. चार बोटं उमटल्यात. तळेगाववाली, तुला शून्य!”

“आणि पीठ टाकणारीला?” मी विचारलं.

ती पोट धरून हसत बाकावर बसली. मी आलं घालून चहा टाकला. किल्ली तिने परत मागितली नाही.

परवा अनघाचा फोन आला होता. शकुमावशींची किल्ली आता कोणाकडे असते, म्हणून विचारत होती. मी म्हटलं, माझ्याकडे. पिठाचं तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.